पर्यावरणशास्त्रज्ञाने कंपनीच्या सुरक्षेची धुरा घ्यावी का?

प्रश्नकर्त्या रसायनशास्त्रातील पीएच.डी. आहेत. एका मोठ्या रसायन कंपनीच्या पर्यावरण विभागात त्या गेली आठ वर्षे स्टॅकमधून (धुराड्यातून) बाहेर पडणारे वायू आणि सांडपाणी यांच्या मोजमापाचे काम पाहतात. आता कंपनीने त्यांना सुरक्षा विभागात येण्याविषयी विचारले असून पुढे पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा या तिन्हींचे प्रमुखपद मिळण्याची शक्यताही दाखवली आहे. या बदलात आपले विज्ञान मागे पडेल का, आणि अभियंत्यांच्या त्या जगात रसायनशास्त्रज्ञाचे कोणी ऐकेल का, असे त्या विचारतात. कोणत्या परीक्षा द्याव्यात, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

ही जागा घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पर्यावरणाच्या प्रयोगशाळेतून सुरक्षाप्रमुखाच्या पदापर्यंतची वाट मी स्वतः चाललो असल्यामुळे हे मत ऐकीव नाही. विज्ञान मागे पडत नाही. प्रयोगशाळेत ज्या प्रश्नाशी आपली गाठ क्वचितच पडते, तो प्रश्न इथे रोज समोर उभा राहतो: जे अद्याप घडलेले नाही त्याविषयी पुरावा कसा गोळा करायचा, आणि तो देण्याची जबाबदारी कोणावर टाकायची. यातल्या दुसऱ्या भागाकडे दुर्लक्ष झाले, तर हुशार आणि कामसू शास्त्रज्ञाच्या हातूनही कंपनीच्या पदावर असताना फार मोठे नुकसान होऊ शकते. आपल्या क्षेत्राच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे आणि त्याविषयी मी पुढे विस्ताराने लिहिणार आहे.

पर्यावरण आणि सुरक्षा हे दोन विभाग कार्यालयीन सोयीसाठी पडलेले आहेत. टाकीतले द्रव्य टाकीत राहिले तर दोघेही निश्चिंत असतात. ते बाहेर पडले की कुंपणाच्या आत ज्याला अपघात म्हणतात त्यालाच कुंपणाबाहेर प्रदूषण म्हणतात. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळच्या श्वाइत्सरहाले येथे सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आग विझली, पण ती विझवण्यासाठी मारलेले हजारो घनमीटर पाणी अडवून ठेवण्याची सोय तिथे नव्हती. त्या पाण्याबरोबर गोदामातील कीटकनाशके ऱ्हाईन नदीत गेली आणि प्रवाहाच्या खालच्या बाजूला शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. आग विझवणे हे सुरक्षेचे काम होते आणि त्यातूनच नदीचे नुकसान झाले.

११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधील बन्सफील्डच्या तेलसाठ्यात जे घडले, ते मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी तपशिलाने सांगतो. पेट्रोल भरले जात असलेली ९१२ क्रमांकाची टाकी ओसंडून वाहू लागली. पातळी दाखवणारे गेज पहाटेच्या आधीच एका आकड्यावर अडकले होते, आणि टाकी भरत आल्यावर पुरवठा आपोआप बंद करणारा स्वतंत्र स्विच निकामी अवस्थेत होता. त्या स्विचला चाचणीसाठी एक तरफ होती आणि चाचणीनंतर ती योग्य स्थितीत धरून ठेवण्यासाठी तिला कुलूप लावणे आवश्यक होते. ते कुलूप केवळ कोणी छेडछाड करू नये म्हणून आहे असा समज झाला आणि ते लावलेच गेले नाही. स्फोटात ४३ जण जखमी झाले. रविवारची पहाट असल्यामुळे कोणी दगावले नाही. मात्र टाक्यांभोवतीच्या, सांडलेले द्रव अडवण्यासाठी बांधलेल्या डाइक भिंती गळल्या, इंधन आणि आग विझवण्याचा फेस जमिनीत मुरला आणि खालच्या थरातील भूजल दूषित झाले. त्या फेसात पीएफओएस हे निसर्गात जवळजवळ न विघटणारे रसायन होते. ते एक कुलूप सुरक्षा विभागाच्या यादीत यायला हवे होते की पर्यावरण विभागाच्या, या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. दोन्ही बाजू जाणणाऱ्या माणसाची गरज कंपन्यांना असते ती यामुळे.

प्रयोगशाळेतून येणाऱ्याला सर्वांत आधी मोडावी लागते ती सरासरीची सवय. पर्यावरणाचे बहुतेक निकष चोवीस तासांच्या, महिन्याच्या किंवा वर्षाच्या सरासरीवर बांधलेले असतात, कारण तिथे बराचसा विचार दीर्घकाळ शरीरात किंवा जमिनीत साठत जाणाऱ्या मात्रेचा असतो. तीव्र विषबाधा आणि स्फोट मात्र प्रमाण थोडा वेळ उंचावते त्या शिखरावर होतात. अमोनियाचे उदाहरण घ्या. आठ तासांच्या पाळीसाठी २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) ही शिफारस केलेली सरासरी मर्यादा आहे, तर ३०० पीपीएम ही जीविताला तात्काळ धोका मानली जाणारी पातळी आहे. एखाद्या यंत्रघरात पाच मिनिटे १,००० पीपीएम अमोनिया पसरला आणि उरलेला वेळ हवा स्वच्छ राहिली, तर आठ तासांची सरासरी साधारण १० पीपीएम येते. कागदावर सर्व ठीक दिसते. तिथे असलेला माणूस मात्र त्या पाच मिनिटांतच संकटात सापडलेला असतो. शिवाय अनेक विषारी वायूंच्या बाबतीत प्रमाण दुप्पट आणि वेळ निम्मी केली तर परिणाम तेवढाच राहत नाही, तो वाढतो. त्यामुळे केवळ एकूण मात्रा पाहून धोका ठरवता येत नाही.

तुम्ही आठ वर्षे स्टॅकच्या कच्च्या नोंदी पाहिल्या आहेत, म्हणजे ही शिखरे तुमच्या परिचयाची असणार. टँकर भरताना किंवा रिअॅक्टर नायट्रोजनने फुंकून घेताना वक्र एकदम वर जातो, काही मिनिटांत खाली येतो आणि महिन्याच्या अहवालात त्याचा मागमूसही राहत नाही. सुरक्षा विभागाला नेमकी हीच माहिती हवी असते आणि बहुधा ती त्याच्याकडे नसते.

हे ज्ञान किती थेट उपयोगी पडते ते सांगतो. पूर्वी सॉल्व्हंटच्या टाक्यांमधील बाष्पे प्रत्येक टाकीच्या व्हेंटमधून वेगवेगळी हवेत जात. उत्सर्जन रोखण्यासाठी ती एका हेडरमध्ये, म्हणजे सामायिक नळीत, गोळा करून थर्मल ऑक्सिडायझर या भट्टीत जाळण्याची पद्धत आली. हवेच्या दृष्टीने ही सुधारणाच आहे. परंतु एकमेकींपासून स्वतंत्र असलेल्या टाक्या त्यामुळे एका नळीने जोडल्या गेल्या आणि त्या नळीच्या टोकाला कायमची ज्योत आली. टोल्यूइन हवेत साधारण १.१ टक्क्यापासून ज्वलनशील होतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला द्रवावरच्या संपृक्त बाष्पाचे प्रमाण सुमारे ३.७ टक्के असते. म्हणजे टाकीच्या वरच्या पोकळीत हवा शिरलेली असेल तर तिथले मिश्रण पेटण्याजोगेच असते, आणि ज्योत उलट फिरून तिथपर्यंत पोहोचली तर एका टाकीचा प्रश्न सगळ्या टाक्यांचा होतो. म्हणून हेडरमधील प्रमाण ज्वलनशीलतेच्या किमान मर्यादेच्या २५ टक्क्यांखाली राखणे, ते ओलांडले की प्रवाह दुसरीकडे वळवणारी ट्रिप, म्हणजे आपोआप चालणारी सुरक्षायंत्रणा, बसवणे आणि मध्ये ज्योत अडवणारा फ्लेम अरेस्टर घालणे हे रूढ उपाय आहेत. या उपायांचा आराखडा कोणत्या आकड्यावर केला आहे, हे मी प्रत्येक प्रकल्पात विचारतो, आणि बहुतेक वेळा उत्तर येते की दिवसाच्या सरासरीवर. अशा एका बैठकीत स्टॅकच्या मिनिटागणिक नोंदींचा आलेख टेबलावर ठेवला, तेव्हा फ्लेम अरेस्टर कुठे बसवायचा आणि बाष्पाचे प्रमाण मोजणाऱ्या विश्लेषक यंत्राने किती सेकंदांत उत्तर दिले पाहिजे यावरची सगळी चर्चा तिथल्या तिथे बदलली. तो आलेख पर्यावरण विभागात आधीपासून पडून होता. त्या विभागाला बैठकीचे निमंत्रणच नव्हते.

एका बाजूची काळजी घेताना दुसऱ्या बाजूला धोका ढकलला जातो, ही गोष्ट शीतकांच्या इतिहासात सर्वांत स्वच्छ दिसते. १९२० च्या दशकात शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड वापरले जात, आणि गळती झाली की माणसे मरत. त्यावर उपाय म्हणून १९२८ मध्ये थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीएफसी (क्लोरोफ्लोरोकार्बन) पुढे आणले. ते न जळणारे आणि जवळजवळ निर्विष असल्यामुळे सुरक्षेच्या दृष्टीने ती मोठीच प्रगती होती. १९७४ मध्ये शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी ही स्थिर संयुगे वरच्या वातावरणात जाऊन ओझोनचा नाश करतील असे दाखवले, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट मोजली गेली, आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. पर्याय म्हणून आलेली एचएफसी (हायड्रोफ्लोरोकार्बन) संयुगे ओझोनला निरुपद्रवी असली तरी प्रबळ हरितगृह वायू आहेत; म्हणून २०१६ मध्ये किगाली येथे त्यांच्या कपातीचा करार झाला. आता मोठ्या शीतगृहांसाठी पुन्हा अमोनियाकडे वळण्याचा आग्रह धरला जातो, कारण ओझोन आणि तापमानवाढ या दोन्ही कसोट्यांवर तो निर्दोष आहे. परंतु ज्या कारणाने तो मागे पडला होता ते कारण तसेच आहे. शीतक बदलण्याचा निर्णय केवळ कार्बनच्या हिशेबावर घेतला आणि यंत्रघराचे वायुविजन, गळतीसूचक आणि बाहेर पडण्याचे मार्ग जुनेच ठेवले, तर आपण जवळपास शंभर वर्षांपूर्वीचा धोका पुन्हा घरात आणतो. माझ्या मते अमोनिया हा योग्य पर्याय आहे, पण निर्णयाच्या टेबलावर दोन्ही प्रकारचे ज्ञान असेल तरच.

आता त्या उदाहरणाकडे येतो. पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड मिसळले की इंजिनातील ठोके थांबतात, हा शोध १९२१ चा, आणि तोही मिजली यांचाच. १९२४ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील बेवे येथे त्याचे उत्पादन करणारे पाच कामगार शिशाच्या विषबाधेने, भ्रमिष्ट अवस्थेत मरण पावले. याच सुमारास रॉबर्ट किहो या तरुण वैद्यकीय संशोधकाला उद्योगाने बोलावून घेतले. पुढे ते एथिल कॉर्पोरेशनचे प्रमुख वैद्यकीय सल्लागार झाले आणि सिनसिनाटी विद्यापीठातील, उद्योगाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेचे प्रमुखही झाले. कारखान्याच्या आतले त्यांचे काम खरोखर मोलाचे होते. कामगारांच्या शरीरातील शिशाचे नियमित मोजमाप, धोक्याच्या जागेवरून माणसाला वेळीच हलवणे आणि वायुविजन सुधारणे या गोष्टी त्यांनी घडवून आणल्या. आजच्या सुरक्षाप्रमुखाच्या कामाचे हे जवळजवळ पूर्ण वर्णन आहे.

कारखान्याच्या बाहेर मात्र त्यांनी पुराव्याची जबाबदारी उलटी लावली. गाड्यांच्या धुरातून पसरणाऱ्या शिशाने सामान्य माणसाला अपाय होतो हे आधी सिद्ध करा, तोपर्यंत वापर चालू राहील, अशी त्यांची भूमिका होती आणि ती सुमारे चाळीस वर्षे टिकली. त्यांचा युक्तिवाद असा होता की शिसे निसर्गतःच सर्वांच्या शरीरात असते आणि ठराविक पातळीखाली ते निरुपद्रवी असते. रक्तातील ८० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर ही पातळी ते धोक्याची सीमा मानत. या दाव्याला आधार म्हणून त्यांनी १९३० च्या दशकात मेक्सिकोतील दूरच्या खेड्यांतील लोकांचे नमुने तपासले होते आणि त्यांच्यातही शिसे आढळले होते.

या मांडणीचा पाया हलवला तो वैद्यकाने नव्हे, भूरसायनशास्त्रज्ञाने. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे ठरवले. त्या कामात त्यांना सर्वाधिक त्रास झाला तो प्रयोगशाळेतील हवा, भांडी आणि अभिकारके यांतूनच नमुन्यात शिरणाऱ्या शिशाचा. त्यासाठी त्यांनी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली, आणि तशी स्वच्छता पाळल्याशिवाय नैसर्गिक पातळी मोजताच येत नाही हे त्यांच्या लक्षात आले. १९६५ मध्ये त्यांनी मांडले की किहो ज्याला नैसर्गिक म्हणतात ती पातळी मुळातच माणसाने दूषित केलेली आहे. दुसऱ्या शब्दांत, तुलनेसाठी घेतलेला नमुनाच स्वच्छ नव्हता. १९६६ मध्ये दोघांच्याही साक्षी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे झाल्या. वाहनांसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून पूर्णपणे हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडले, आणि अमेरिकेत बालकांच्या रक्तातील शिशाची दखलपात्र पातळी आज ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर मानली जाते.

किहो यांना खलनायक ठरवून मोकळे होणे मला पटत नाही, कारण त्यामुळे धडा हातातून निसटतो. ते मोजत होते, प्रकाशित करत होते आणि कारखान्यातील माणसांची काळजीही घेत होते. परंतु विज्ञानातील एक रास्त सवय, म्हणजे भक्कम पुराव्याशिवाय परिणाम मान्य न करणे, त्यांनी अशा ठिकाणी लावली जिथे चुकीची किंमत कोट्यवधी लोक मोजणार होते. शोधनिबंधात चुकून एखादा परिणाम जाहीर झाला तर पुढचा संशोधक तो खोडून काढतो. सुरक्षेत चुकून धोका नाकारला गेला तर तो खोडून काढणारी घटना म्हणजे अपघात किंवा आजारांची साथ असते. म्हणून या पदावर गेल्यावर प्रश्नाची दिशा बदलावी लागते: अमुक व्हॉल्व्ह बिघडला आहे हे सुरक्षा विभागाने सिद्ध करायचे नसते, तो चालतो हे चालवणाऱ्याने दाखवायचे असते. तुमच्यासारख्या काटेकोर शास्त्रज्ञाला हे सुरुवातीला अवघड जाईल. पुरावा अर्धवट असताना प्लांट थांबवण्याची शिफारस करणे म्हणजे आपण अवैज्ञानिक वागतो आहोत असे वाटते. तसे नाही. निर्णयातील दोन प्रकारच्या चुकांची किंमत सारखी नसेल तर पुराव्याची पातळीही सारखी ठेवू नये, हा संख्याशास्त्राचाच नियम आहे.

संख्याशास्त्राचा विषय निघालाच आहे तर संचालक मंडळापुढे जाणाऱ्या आकड्यांविषयी लिहितो, कारण शास्त्रज्ञ म्हणून तुमचा सर्वांत मोठा उपयोग बहुधा तिथे होईल. कंपन्या दुखापतींचा दर सांगतात तो असा काढतात: नोंदवण्याजोग्या दुखापतींची संख्या गुणिले २,००,०००, भागिले कामाचे एकूण तास. शंभर माणसांनी वर्षभरात केलेले काम म्हणजे साधारण दोन लाख तास, म्हणून तो आकडा. पाचशे माणसांच्या प्लांटमध्ये वर्षाला सुमारे दहा लाख तास भरतात. गेल्या वर्षी तीन दुखापती झाल्या तर दर ०.६, यंदा दोन झाल्या तर ०.४, आणि अहवालात लिहिले जाते की सुरक्षेत ३३ टक्के सुधारणा झाली. पण इतक्या लहान संख्यांत तीन आणि दोन यांतला फरक योगायोगापेक्षा अधिक काही सांगत नाही. तीन घटनांवरून काढलेला ९५ टक्के विश्वासाचा पल्ला साधारण ०.१२ ते १.७५ असा येतो. शून्य दुखापतीचे वर्षसुद्धा फारसे बोलत नाही. दहा लाख तासांत एकही घटना नसेल, तरी खरा दर ०.६ पर्यंत असू शकतो. हे गणित कोणताही संख्याशास्त्रज्ञ दोन ओळींत करून दाखवेल, तरीही त्या ०.४ वर बक्षिसे आणि बोनस ठरतात. मंडळाला हे न दुखावता, पण निःसंदिग्धपणे सांगणे हे तुमचे पहिल्या वर्षातले काम समजा.

याहून गंभीर गोष्ट ही की घसरून पडणे, बोट कापणे यांचा दर कमी असला म्हणून स्फोटाचा धोका कमी असतो असे नाही. २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटी येथील बीपीच्या रिफायनरीत एक ऊर्ध्वपातन स्तंभ प्रमाणाबाहेर भरला गेला, ज्वलनशील द्रव उघड्या ब्लोडाउन स्टॅकमधून बाहेर उसळला आणि स्फोटात १५ जणांचा मृत्यू झाला. जेम्स बेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००७ च्या अहवालात स्पष्ट म्हटले की वैयक्तिक दुखापतींच्या सुधारत्या दरावरून प्रक्रियेची सुरक्षितताही समाधानकारक आहे असा कंपनीने चुकीचा अर्थ काढला. पाच वर्षांनी, २० एप्रिल २०१० रोजी, डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या तराफ्यावर वरिष्ठ अधिकारी भेटीला आले होते; कामाचा वेळ बुडवणारी एकही दुखापत न होता गेलेल्या सात वर्षांबद्दल कौतुकही झाले. त्याच रात्री तिथे ११ माणसे मेली आणि मेक्सिकोच्या आखातात महिनोन्महिने तेल वाहत राहिले.

मग मोजायचे काय? अपघाताच्या आड उभ्या असलेल्या साधनांची प्रकृती. किती ट्रिपची चाचणी मुदतीत झालेली नाही, आज किती इंटरलॉक (धोक्याच्या स्थितीत यंत्र चालू न देणाऱ्या जोडण्या) बायपासवर, म्हणजे तात्पुरते निष्क्रिय केलेले, आहेत आणि कोणाच्या सहीने, किती सेफ्टी व्हॉल्व्ह बेंचवर तपासताना अडकलेले आढळले, कंट्रोल रूममध्ये किती अलार्म दिवसरात्र पेटलेलेच असतात. २०१० पासून अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शक पद्धतीत अशा निर्देशकांची चार पायऱ्यांची रचना आहे. तिचा अभ्यास अवश्य करा. यामागचे गणित रसायनशास्त्रज्ञाला जड नाही. एखाद्या स्विचमध्ये न दिसणारा बिघाड होण्याचा दर वर्षाला ०.०२ असेल आणि दर वर्षी चाचणी होत असेल, तर गरजेच्या क्षणी तो न चालण्याची सरासरी शक्यता दर आणि कालावधी यांच्या गुणाकाराच्या निम्मी, म्हणजे ०.०१ असते. उत्पादनाच्या घाईत चाचणी पुढे ढकलून तीन वर्षांवर गेली की ती ०.०३ होते. कोणी काही तोडलेले नसते, एकही आकडा लाल झालेला नसतो, आणि धोका तिप्पट झालेला असतो. बन्सफील्डच्या कुलपासारखी गोष्ट असेल तर हे गणितही लागू पडत नाही, कारण चाचणी करूनच स्विच निकामी ठेवला जातो. म्हणून चाचणीच्या कागदाबरोबर चाचणी करणाऱ्याशी बोलणेही आवश्यक असते.

अभियंते ऐकतील का, हा तुमचा दुसरा प्रश्न. प्रक्रिया सुरक्षेतील सर्वांत प्रभावी विचारवंतांपैकी एक, ट्रेव्हर क्लेट्झ, हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ होते. ते १९४४ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत लागले आणि १९६८ मध्ये तिचे सुरक्षा सल्लागार झाले. धोकादायक द्रव्य सांभाळण्याची साधने वाढवत नेण्यापेक्षा ते द्रव्यच कमी ठेवा, किंवा त्याऐवजी सौम्य द्रव्य वापरा, हा त्यांचा आग्रह रसायनशास्त्रज्ञाला साजेसा आहे. तुमच्या हाती हेच हत्यार आहे: अभियंता दिलेल्या अभिक्रियेभोवती संरक्षण उभारतो, तुम्ही अभिक्रियाच बदलता येईल का असे विचारू शकता.

पण त्यासाठी प्लांट पायाखाली घालावा लागतो. पहिले वर्षभर जितक्या हॅझॉप बैठकांना, म्हणजे प्रक्रियेतील संभाव्य धोके पद्धतशीर शोधण्याच्या बैठकांना, बसता येईल तितक्यांना बसा, आणि प्रमुख म्हणून नव्हे, नोंदी लिहिणाऱ्या सदस्य म्हणून बसा. प्रवाह जास्त झाला तर, कमी झाला तर, थांबला तर, उलटा फिरला तर, या चार शब्दांभोवती अनुभवी ऑपरेटर जे बोलतात ते कोणत्याही अभ्यासक्रमात नसते. पाळी बदलण्याच्या वेळी कंट्रोल रूममध्ये उभ्या राहा. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा तराफ्यावर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्या जागी केवळ झाकण बसवले होते. रात्रपाळीतील लोकांना पंपाच्या दुरुस्तीचे परमिट (कामाची लेखी परवानगी) दिसले, व्हॉल्व्हचे दिसले नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी तो पंप सुरू केला. त्या रात्री १६७ माणसे गेली. लॉगबुक वाचायला शिका. ‘गेज अडकले, ठोकून चालू केले’ अशी ओळ एका महिन्यात तीनदा दिसली, तर कोणत्याही लेखापरीक्षणापेक्षा अधिक माहिती तिच्यात आहे. ऑपरेटरने सांगितलेली अडचण तुम्ही लिहून घेतली, त्यावर काय झाले हे त्याला परत येऊन सांगितले, आणि असे दोन-चार वेळा घडले की तुमची पदवी कशातली आहे हे कोणी विचारत नाही.

परीक्षांविषयी थोडक्यात. नेबॉश या ब्रिटिश परीक्षामंडळाचा डिप्लोमा, औद्योगिक आरोग्यातील सीआयएच हे प्रमाणपत्र किंवा सुरक्षेतील सीएसपी हे प्रमाणपत्र, यांपैकी एक करा. तुमची पार्श्वभूमी पाहता सीआयएच सर्वांत जवळचे आहे, कारण त्यात मोजमाप आणि विषशास्त्र यांवर भर असतो. पर्यावरण व्यवस्थापनाचे आयएसओ १४००१ हे मानक तुम्हाला माहीत असेलच; कामाच्या ठिकाणच्या आरोग्य आणि सुरक्षेसाठीच्या, २०१८ मधील आयएसओ ४५००१ ची रचना त्याच्याशी जुळवून घेतलेली असल्यामुळे ते लवकर समजेल. या सर्वांपेक्षा विश्वासार्हतेचे गणित आणि ज्वलनशास्त्र यांना अधिक वेळ द्या.

नेतृत्वाचा खरा भाग अधिकाराचा आहे. १९८७ मध्ये पॉल ओनील अल्कोआ या अॅल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्या भाषणात ते नफ्याविषयी नव्हे, कामगारांच्या सुरक्षेविषयी बोलले. दुखापतींमुळे वाया जाणाऱ्या दिवसांचा दर त्यांच्या कारकिर्दीत १.८६ वरून ०.२ वर आला, आणि एवढ्या मोठ्या कंपनीत ती घट योगायोगाची म्हणता येत नाही. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती १९९६ मधील घटना: मेक्सिकोतील एका कारखान्यात वायूमुळे कामगार आजारी पडल्याची गोष्ट मुख्यालयापर्यंत पोहोचवली नाही म्हणून एका ज्येष्ठ आणि यशस्वी अधिकाऱ्याला त्यांनी काढून टाकले. ओनील शास्त्रज्ञ नव्हते, सुरक्षातज्ज्ञही नव्हते. वाईट बातमी वर येण्याचा मार्ग मोकळा ठेवण्याची ताकद त्यांच्याकडे होती आणि त्यांनी ती वापरली. सुरक्षाप्रमुखाकडे ती ताकद उसनी असते. वरच्या माणसाने ती काढून घेतली की उत्तम शास्त्रज्ञही केवळ अहवाल लिहीत बसतो.

नमुना घेण्याची वेळ जरा बदला, एवढे एक मोजमाप वगळा, अशी विनंती तुम्हाला पर्यावरण विभागात कधी ना कधी झाली असेल. वरच्या पदावर ती अधिक सभ्य शब्दांत होते. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा कच्ची नोंद जशीच्या तशी राखणे, नमुन्याचा दुसरा भाग सीलबंद ठेवणे आणि वगळण्याचे कारण विनंती करणाऱ्याकडूनच लेखी मागणे अधिक परिणामकारक ठरते. लेखी कारण मागितल्यावर बहुतेक विनंत्या मागे घेतल्या जातात.

होकार देण्यापूर्वी दोन गोष्टी विचारून घ्या. हे पद कोणाच्या हाताखाली आहे आणि त्यातील व्यक्तीला प्रमुख अधिकाऱ्याला मध्ये कोणी नसताना भेटता येते का, ही पहिली. दुसरी, चाचणीची मुदत उलटून गेलेल्या ट्रिपची आजची यादी पाहायला मागा, आणि मुदतवाढीवर सही कोणाची आहे ते पाहा. यादी तासाभरात समोर आली आणि ती लांबलचक असली, तरी तिथे काम करता येईल. यादीच नसेल, किंवा सगळ्या सह्या फक्त उत्पादनप्रमुखाच्या असतील, तर मुदतवाढीवर सुरक्षाप्रमुखाचीही सही लागेल हा बदल नेमणुकीच्या पत्रात आधी लिहून घ्या आणि मगच रुजू व्हा.